बार्जच्या पत्र्यावर प्रोब बसत नसेल तर आधी हवा काढा

गेज, म्हणजे ध्वनिलहरी सोडून पत्र्याची जाडी मोजणारं मशीन, हातात आलेला नवीन पोरगा पहिल्याच दिवशी मशीनला नावं ठेवतो, रीडिंग येत नाही, आकडा नाचतोय, बॅटरी गेली असेल. बॅटरी ठीक असते हो. प्रोब, म्हणजे पत्र्यावर टेकवायचं मशीनचं तोंड, आणि पत्रा यांच्यामधे हवा राहिलेली असते, आणि ५ मेगाहर्ट्झच्या लहरी हवेला लागल्या की जवळजवळ सगळ्या तिथूनच माघारी फिरतात, केसभर फट असली तरी पुरे.

आमचं काम गोव्यात झुआरी नदीकाठच्या यार्डात, खनिज वाहणारे बार्ज स्लिपवेवर, म्हणजे काठाच्या उतारावर, ओढले की तळाची जाडी मोजायची. आधी शिंपल्या आणि गंजाचे पोपडे खरवडून काढा, मग वायर ब्रश, मग रुपयाच्या नाण्याएवढा चकचकीत ठिपका. ग्राइंडर मारायचाच तर फ्लॅप डिस्कने हळू, पोखरलेला खड्डा सपाट करत बसू नका, जाडी मोजायला गेलात आणि तुम्हीच ती कमी केलीत असं व्हायचं. खड्ड्यासाठी बारीक तोंडाचा प्रोब मिळतो, तो घ्या.

रंगाचं जरा सविस्तर सांगतो कारण इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. मूळ प्लेट ८ मिमीची आणि माझा आकडा ९.१, मी आपला लिहून मोकळा. फोरमनने वही बघून विचारलं, पात्रांव (म्हणजे मालक), पाण्यात राहून पत्रा वाढला काय? खरवडलं तर डांबरी रंगाचे थरावर थर, पाऊण मिमीच्या वर, आणि खाली लोखंड ७.१. रंगात लहरी हळू चालतात, लोखंडात सेकंदाला ५९२० मीटर, रंगात त्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे मशीनला रंग अडीचपट जाड लोखंड वाटतो. इको टू इको मोड (लोखंडातल्याच लागोपाठच्या दोन प्रतिध्वनींमधला वेळ मोजणारा) असेल तर रंग आपोआप वगळला जातो, पण रंग फुगून सुटलेला असेल तर तो मोडही काही कामाचा नाही, कारण फुगवट्याखाली परत हवाच.

प्रोब आणि पत्रा यांच्यामधली हवा घालवायला मधे जेल लावायचं. जेल कुठलं? आडव्या डेकवर साधं पाणीदार जेल चालतं. उभ्या पत्र्यावर ते ओघळतं, तिथे सीएमसी (पाणी घट्ट करणारी) पावडर पाण्यात घट्ट कालवा, पण आदल्या रात्री कालवून ठेवा, घाईत ढवळली की बुडबुडे होतात आणि बुडबुडा म्हणजे हवाच ना. बार्जच्या पोटाखाली झोपून मोजताना सरळ ग्रीस लावा, फक्त नंतर थिनरने पुसा नाहीतर पेंटर शिव्या घालतो आणि त्याचं बरोबर असतं. एप्रिल-मेच्या दुपारी डेक इतका तापतो की जेल बघता बघता सुकतं, सकाळी आठच्या आत डेक उरकून घ्यायचा.

जेल लोण्यासारखं थापू नका. त्यात लहरी लोखंडाच्या चौथाईच्या आसपास वेगाने जातात, म्हणजे ०.१ मिमी जास्तीचं जेल राहिलं तर आकडा ०.४ ने फुगतो. थेंब टाका, प्रोब किंचित फिरवत दाबा, जेल कडेने बाहेर आलं की हात स्थिर. प्रोब घासत ओढायचा नाही, तोंड झिजून गोल होतं आणि मग सपाट पत्र्यावरही डुगडुगतो.

पाइपवर मोजताना ट्विन प्रोबच्या (एक भाग लहरी सोडतो, दुसरा परत घेतो) तोंडावर मधे जी रेघ दिसते ती पाइपला आडवी धरा, प्रोब जरासा डोलवा आणि सगळ्यात कमी येईल तो आकडा घ्या.