मंत्र्याला निसटता येणार नाही असा प्रश्न

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ला सुरू होतो. दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न २० आणि अतारांकित २३०. तारांकिताला मंत्री सभागृहात उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला नुसते लेखी उत्तर मिळते. म्हणून आकडे हवे असतील तर अतारांकित, मंत्र्यांना बोलते करायचे असेल तर तारांकित. नवख्या खासदाराच्या कार्यालयात बरेचदा उलटे होते. जिल्हानिहाय तक्ता तारांकितात मागितला जातो, मंत्री "विवरण पटलावर ठेवले आहे" म्हणून खाली बसतात, आणि हाती आलेली संधी तक्त्यात जिरते.

प्रश्नाची लेखी सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. एका दिवसासाठी एका खासदाराला दोन्ही प्रकार मिळून पाचच सूचना देता येतात. कोणत्या मंत्रालयाने कोणत्या वारी उत्तर द्यायचे ते ठरलेले असते, तेव्हा आधी वारांचा तक्ता बघा आणि मगच लिहायला बसा. क्रम सोडतीने लागतो. वीसपैकी जेमतेम पाच-सहा प्रश्न तोंडी होतात. तुमचा तेरावा आला तर त्याचे उत्तर फक्त लेखी मिळेल, हे धरून चाला.

आता मजकूर. मर्यादा १५० शब्दांची. प्रश्नात युक्तिवाद, टोमणा, आरोप, मत विचारणे चालत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट असले तरी सूचना अडते. "मराठवाड्यात टँकर फिरत असताना सरकार झोपले आहे काय?" हा प्रश्न दारातच बाद होतो. सौम्य करून "पाणीटंचाईवर सरकार काय करत आहे?" असे विचारले, तर उत्तर ठरलेले: पाणी हा राज्यांचा विषय आहे. वाट एकच, केंद्राच्या स्वतःच्या फायलीत जे असलेच पाहिजे ते मागायचे. उदाहरणार्थ:

"(अ) जलजीवन मिशनखाली गेल्या ३ आर्थिक वर्षांत महाराष्ट्रासाठी ठरवलेला व प्रत्यक्ष दिलेला केंद्रीय निधी, वर्षनिहाय, किती, (ब) तो रोखला किंवा कमी केला असल्यास कोणत्या तारखेला व कोणत्या कारणाने, (क) केंद्राच्या पाहणीत कोणत्या त्रुटी नोंदल्या गेल्या व त्यांवर काय कारवाई झाली?"

ठरवलेला आणि दिलेला हे दोन शब्द वेगळे ठेवले नाहीत, तर उत्तरात मोठा आकडाच येणार. "तारीख" हा शब्दही गाळू नका. तारखेला "लवकरच" असे उत्तर देता येत नाही.

मूळ प्रश्नकर्त्याला प्रघाताने दोन उपप्रश्न मिळतात. पहिला लेखी उत्तरातल्या विसंगतीवर ठेवा. दुसरा आधी लिहून ठेवू नका, मंत्री काय बोलतात ते ऐकून विचारा. प्रस्तावना लांबली की अध्यक्ष थांबवतात आणि मंत्र्यांना तेवढाच श्वास मिळतो.

कागद हातात असले की किती दूर जाता येते, ते १९५७ च्या मुंदडा प्रकरणात दिसले. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले होते. सभागृहात प्रश्न आले आणि काँग्रेसचे खासदार फिरोज गांधींनी कागदपत्रांच्या बळावर ते लावून धरले, तेही सत्ताधारी बाकांवरून. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

उत्तर आल्यावर ते पेन्सिल घेऊन वाचा. "माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल", "हा विषय विचाराधीन आहे", "मी यात लक्ष घालीन", अशा वाक्यांची नोंद आश्वासन म्हणून होऊ शकते. आश्वासन पुरे करायला सरकारला ३ महिने असतात. मुदत उलटली की मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते, आणि अशा आश्वासनांचा पाठपुरावा करणारी सभागृहाची आश्वासन समिती सचिवांना बोलावू शकते. बहुतेक कार्यालये इथेच ढिली पडतात: बातमी छापून आली की फाईल बंद. साधी वही पुरते: प्रश्न क्रमांक, उत्तराची तारीख, आश्वासनाचे नेमके शब्द, तीन महिन्यांनंतरची तारीख.

उत्तरच अर्धवट असेल तर अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना द्या, ३ दिवस आधी. ही चर्चा सोमवार, बुधवार, शुक्रवारी होते. मतदान नसते, पण मंत्र्यांना एकाच विषयावर बोलावे लागते.

पैशाचा मामला असेल तर सरळ कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल काढा. तो तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात, मंत्री त्यात नसतो, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. तिथे साक्ष मंत्र्यांची नव्हे, सचिवांची होते, बंद दाराआड. कॅमेरा नसल्याने भाषण ठोकून उपयोग नाही. परिच्छेद क्रमांक, रक्कम आणि सहीचा दिनांक एवढे घेऊन आत जा.