बेलारूसच्या खेड्यात आजीबाईंना भेटायला जाताना

बेलारूसच्या खेड्यातल्या आजीबाईंची जुनी गाणी आणि प्रथा त्यांच्याच तोंडून ऐकायच्या असतील, तर विमानाच्या तिकिटाआधी तिथलं पंचांग बघा. पुण्यातून निघणारे मुलांच्या सुट्ट्या बघून तारखा ठरवतात आणि भर जुलैत आजीबाईंना नाताळची कल्यादी-गाणी म्हणायला सांगतात. आपल्या आजीला संक्रांतीला भोंडला म्हणायला सांगून बघा! तिथंही वसंताची गाणी वसंतातच, कापणीची कापणीलाच.

कापिल तालुक्यातल्या सेमेझावा गावात १३ जानेवारीला, म्हणजे आपल्या भोगीच्या सुमारास, 'कल्यादांचे राजे', म्हणजे नाताळच्या सणातल्या राजांचं सोंग घेतलेले गावकरी, निघतात; जुन्या पंचांगाने तिथं नाताळचे दिवस तेव्हाही चालू असतात. पांढरे कपडे, छातीवर आडवेतिडवे बांधलेले लाल नक्षीचे पट्टे, डोक्यावर रंगीत कागदी फितींच्या उंच टोप्या. घरोघरी जाऊन नाटुकलं करतात. झितकाविची तालुक्यातल्या पहोस्तमध्ये ६ मेच्या सुमारास यूराव्स्की कराहोद, म्हणजे वसंताचा गाणी-फेराचा विधी, असतो. दोन्ही प्रथा युनेस्कोच्या तातडीने जपायच्या यादीत आहेत. पहिली २००९ पासून, दुसरी २०१९ पासून. सणाच्या दिवशी कुणालाच गप्पांना सवड नसते, म्हणून दोन दिवस आधी पोचा.

महिनाभर आधी गावच्या 'डोम कुल्तूरी'शी, म्हणजे सांस्कृतिक केंद्राशी, संपर्क साधा. कोण अजून गातं, कोणाचा माग अजून चालतो, हे त्यांना ठाऊक असतं. दुभाष्या शक्यतो त्याच भागातला घ्या. मिन्स्कच्या गाईडला रशियन उत्तम येतं, पण आजीबाईंची बोली त्यालाही अडते.

फुलं न्यायची तर विषम संख्येत. सम संख्या मयताला. उंबऱ्यावरून हात मिळवू नका, आत जाऊन बूट काढा, मग नमस्कार. कोपऱ्यात देवाच्या तसबिरीवर लाल नक्षीचा लांबट पांढरा कापडी पट्टा दिसेल, तो रुश्निक. हात लावू नका, पण चौकशी त्याचीच करा: कोणी विणला, कोणाच्या लग्नात? 'तुमच्या परंपरा सांगा' म्हटलं की आजीबाई गप्प होतात. कॅमेरा पहिला चहा होईपर्यंत पिशवीतच राहू द्या.

शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' पुरत नाही. द्रानिकी, म्हणजे बटाट्याची धिरडी, बऱ्याचदा डुकराच्या चरबीत तळतात, म्हणून 'ब्यज म्यासा, ब्यज साला' असं दोन्ही सांगा. घरी गाळलेली दारू पुढे आली तर छातीवर हात ठेवून नम्रपणे नाही म्हणा, औषधं चालू आहेत म्हटलं की आग्रह थांबतो.

व्हिसा सहसा लागतो, शिवाय परदेशी माणसाची नोंदणीही. हॉटेल ती आपण होऊन करतं. खेड्यातल्या घरी उतरलात तर मालकाला पहिल्याच दिवशी विचारा.