इंग्लंडच्या खेड्यातलं चर्च, पडका किल्ला आणि जुनं मोठं घर: एका दिवसात एकच गाव नीट कसं बघायचं

इंग्लंडला आलेली आपली बरीच मंडळी लंडन, बाथ, स्टोनहेंज उरकतात आणि मग कंट्रीसाइडसाठी एक दिवस उरला की त्यात दोन किल्ले, एक पॅलेस आणि वर कॉट्सवोल्ड्सची गावं असं सगळं कोंबायला बघतात. कळकळीने सांगतो, तसं करू नका. त्या दिवसाला एकच गाव निवडा, फार तर शेजारशेजारची दोन, जिथे जुनं चर्च आहे, एखादं मोठं घर आहे, आणि जमलं तर किल्ल्याचे अवशेष पण आहेत. कारण ही ठिकाणं खूपदा एकाच घराण्याची असतात, आधी तटबंदीत राहायचे, मग काळ जरा शांत झाला, हातात पैसा आला तसे मोठ्या खिडक्यांच्या घरात राहायला गेले, आणि मेल्यावर सगळे गावच्या चर्चमध्ये. हे एकदा लक्षात आलं ना की मग पडक्या भिंतीसुद्धा बोलायला लागतात, नाहीतर दुपारपर्यंत सगळे दगड सारखेच दिसतात.

गाव शोधायचं कसं, तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा नकाशा घ्या, कागदी किंवा अ‍ॅपवरचा. केशरी कव्हरचा एक्स्प्लोरर म्हणजे 1:25,000, चालायला हाच बरा, आणि गुलाबी कव्हरचा लँडरेंजर म्हणजे 1:50,000, गाडीने फिरणार असाल तर तो पुरतो. यात काळ्या चौकोनावर क्रॉस म्हणजे टॉवरवालं चर्च, काळ्या गोलावर क्रॉस म्हणजे बहुतेक उंच टोकदार शिखरवालं, आणि जुने अवशेष असतील तिथलं नाव जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरात छापलेलं असतं. एकाच बोटाखाली क्रॉस आणि गॉथिक अक्षरं दोन्ही आली की ते गाव तुमचं. रस्त्यावर ब्राऊन रंगाच्या पाट्या दिसतील, त्यावर ओकची पानं असली तर ते ठिकाण नॅशनल ट्रस्टचं.

आता ही ठिकाणं कोणाची हे माहीत असलं की पैसे वाचतात. नॅशनल ट्रस्ट ही 1895 ची संस्था, मोठी घरं, बागा, समुद्रकिनारे असं बरंच त्यांच्याकडे आहे. इंग्लिश हेरिटेजकडे 400 च्या वर जागा आहेत, त्यात किल्ले आणि मठांचे अवशेष जास्त, आणि त्यातल्या बऱ्याच चक्क फुकट आहेत, ना गेट ना तिकीट, उजेड असेल तेव्हा जा आणि बघा. तिसरा प्रकार खाजगी घरांचा, तिथे अजून ते कुटुंब राहत असतं, आणि अशी बरीच घरं हिस्टॉरिक हाउसेस नावाच्या संस्थेत आहेत, ती वर्षातले ठराविकच दिवस उघडतात म्हणून तारीख बघितल्याशिवाय निघू नका. तुम्ही इथे नोकरीला असाल, घरात पोरं असतील तर नॅशनल ट्रस्टची फॅमिली मेंबरशिप घ्या, काही फेऱ्यांत वसूल होते आणि त्यांच्या स्वतःच्या कार पार्कचे पैसे पण वाचतात. नुसते फिरायला आला असाल तर इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठीचा पास मिळतो, मोजक्या दिवसांचा, तो बघा. आणि तिकीट काढताना ‘गिफ्ट एड’ विचारतात, म्हणजे तुम्ही दिलेल्या पैशांवरचा टॅक्स संस्थेला सरकारकडून मिळण्याची सोय, तो इथे टॅक्स भरणाऱ्यांसाठी आहे, पाहुण्यांनी सरळ साधं तिकीट मागायचं, त्यात लाजायचं काही नाही.

सुरुवात चर्चपासून करा. लोक हेच शेवटी ठेवतात किंवा ठेवतच नाहीत, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण गावातली सगळ्यात जुनी उभी इमारत बहुतेक वेळा हीच असते आणि आत जायला पैसे पडत नाहीत. तुम्ही ख्रिश्चन नसाल तरी काही अडचण नाही, कोणी विचारत नाही. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेवढी वेळ टाळा. दार बंद दिसलं म्हणून मागे फिरू नका! जाड लाकडी दार आणि लोखंडी कडी असते, ती कडी दोन्ही बाजूंना फिरवून बघा, आत खिट्टी उचलल्याचा आवाज येतो, मग जोर लावून ढकला. खरंच कुलूप असेल तर पोर्चमधल्या नोटीस बोर्डवर किल्ली कोणाकडे आहे ते पुष्कळदा लिहिलेलं असतं, फोन करा, माणसं आनंदाने येतात. बाहेर जाळीचं दार असेल तर ते आठवणीने लावून घ्या, पक्षी आत अडकून मरू नयेत म्हणून ते असतं. चिखलाचे बूट पोर्चमध्ये काढून ठेवले तर फारच छान.

आत गेल्यावर आधी लाइटचा स्विच शोधा, दाराजवळच असतो. मग घाई न करता खिडक्या आणि कमानी बघा, कारण वय तिथे कळतं. अर्धगोल कमान, जाड खांब, नागमोडी नक्षी म्हणजे फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन राजांच्या काळातलं, साधारण 12वं शतक. उंच, अरुंद, वर टोकदार खिडकी म्हणजे 13वं. खिडकीच्या वरच्या भागात दगडाची नाजूक जाळी, पानाफुलांसारखी वळणं, की 14व्याच्या पूर्वार्धात आलात. आणि भिंत कमी नि काच जास्त, उभ्या सरळ रेषाच रेषा, म्हणजे 1348 ची प्लेगची साथ होऊन गेल्यानंतरचं काम, ते पार 16व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालतं. एकाच चर्चमध्ये हे चारही सापडतात कारण प्रत्येक पिढीने काहीतरी पाडलं, काहीतरी वाढवलं. सफोकमधलं लॅव्हनहॅम किंवा ग्लॉस्टरशरमधलं नॉर्थलीच बघा, एवढ्याशा गावाला एवढं प्रचंड चर्च कसं, तर लोकरीचा पैसा.

भिंतींकडे पण बघा. मध्ययुगात ही चर्चं आतून रंगीत होती, 16व्या शतकात धर्मसुधारणा झाली तेव्हा त्या चित्रांवर चुना फासला आणि गंमत म्हणजे त्या चुन्याखालीच काही ठिकाणी ती टिकली. केम्पलीचं सेंट मेरी चर्च ग्लॉस्टरशरमध्ये आहे, तिथली 12व्या शतकातली भित्तिचित्रं बघताना मान दुखेपर्यंत वर बघत राहावं लागतं. फेअरफर्डला मध्ययुगीन रंगीत काचांच्या सगळ्याच्या सगळ्या 28 खिडक्या शाबूत आहेत, तिथे ऊन असताना जा. हेरफर्डशरमधल्या किलपेकला बाहेरूनच चक्कर मारा, छपराखाली दगडातली डोकी, कुत्रा, ससा, चित्रविचित्र प्राणी, सगळं साधारण 1140 च्या सुमाराचं.

मग थडगी. वेदीच्या जवळचा भाग, तिथे गावचं मोठं घराणं झोपलेलं असतं, पुरुष चिलखतात, बायको शेजारी, पायाशी सिंह नाहीतर कुत्रा. नावं मोबाइलमध्ये लिहून घ्या, तीच नावं नंतर किल्ल्यात आणि घरात भेटणार आहेत. भिंतीवरचे संगमरवरी टॅब्लेटही वाचा, ईस्ट इंडिया कंपनीत गेलेल्या, आपल्याकडे ताप येऊन मेलेल्या तरुण पोरांची नावं बऱ्याच ठिकाणी सापडतात आणि दूरच्या खेड्यात अचानक आपला इतिहास समोर उभा राहतो. निघताना दानपेटीत दोन-तीन पाउंड नक्की टाका, आता बऱ्याच ठिकाणी कार्ड टॅप करायची सोय असते. छप्पर दुरुस्तीचा खर्च गावातली मोजकी माणसं गोळा करत असतात.

आता किल्ला. सह्याद्रीतले गड चढलेल्या माणसाला इथला किल्ला छोटा वाटू शकतो, पण हा बहुतेक वेळा सरदाराचं राहतं घर आणि तटबंदी एकत्र असा प्रकार आहे, म्हणून तो वाचायची पद्धत पण घरासारखी. मधोमध उभं राहा आणि भिंतीवर वर बघा. अधांतरी फायरप्लेस दिसेल, खाली जमीनच नाही, म्हणजे तिथे वरचा मजला होता. ओळीने चौकोनी भोकं दिसली की तिथे लाकडी तुळया अडकवलेल्या होत्या, म्हणजे मजला नक्की कुठल्या उंचीवर होता ते कळलं. भिंतीतून बाहेर आलेला छोटा कोनाडा आणि खाली खंदकाच्या दिशेने उघडी वाट, तो संडास. मोठी सुंदर खिडकी आणि तिला दगडी बाक असेल तर ती मालकाची खोली, नुसती फट असेल तर पहारा. पोरांना हे शोधायला लावा, ती तासभर कुठे जात नाहीत.

आणि पडला कसा हे प्रत्येक किल्ल्याला विचारा. बरेचसे काळाने पडलेलेच नाहीत, 1642 ते 1651 च्या यादवी युद्धात आणि नंतर पार्लमेंटच्या बाजूने मुद्दाम सुरुंग लावून पाडले, परत कोणी राजाच्या बाजूने त्यात शिरून बसू नये म्हणून. डॉर्सेटमधल्या कॉर्फला 1646 मध्ये हेच झालं, बुरूज कलंडलेले आहेत ते बारुदाने, आणि खालच्या गावातली घरं बघा, त्याच किल्ल्याचा दगड तुम्हाला भिंतीभिंतीत दिसेल. केनिलवर्थला पण तेच. तिथे 1575 मध्ये राणी पहिली एलिझाबेथ 19 दिवस मुक्कामाला होती, तिचा लाडका सरदार रॉबर्ट डडलीने तिच्यासाठी अख्खी इमारत उभी केली होती, आज तिच्या उंच खिडक्यांतून आभाळ दिसतं. भिंतींवर चढू नका, दगड सुटतात. बूट चांगल्या ग्रिपचे घाला, गोल जिने झिजून गुळगुळीत झालेत आणि पावसात फार घसरतात. ड्रोन परवानगीशिवाय नाही, आणि संरक्षित स्मारकावर मेटल डिटेक्टर चालवणं हा गुन्हा आहे. फुकटच्या ठिकाणी टॉयलेट नसतं, पाणी नसतं, ती सोय आधीच बघून घ्या.

मोठ्या घरात दुपारी जा. तिथे थोडे नियम आहेत, मोठी सॅक पुढे घ्या किंवा लॉकरमध्ये ठेवा, टोकदार टाचांच्या चपला नकोत, फ्लॅश नको. खुर्चीवर पाइनचं फळ किंवा वाळकं काटेरी बोंड ठेवलेलं असेल तर त्या खुर्चीवर बसायचं नाही. खोल्या अंधाऱ्या असतात, पडदे ओढलेले, कारण उजेडाने जुनं कापड नि रंग जातात, दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. आणि प्रत्येक खोलीत जे वयस्कर स्वयंसेवक उभे असतात ना, त्यांच्याशी बोला! पाटीवर नसलेलं सगळं त्यांना माहीत असतं, फक्त आपण विचारायची खोटी. ‘या खोलीतली तुमची आवडती वस्तू कोणती’ एवढं विचारलं तरी पुरतं. नोकरांचा जिना, स्वयंपाकघर, घंट्यांची ओळ हे चुकवू नका, मला तर सोन्याच्या मुलाम्याच्या दिवाणखान्यापेक्षा तिथे जास्त थांबावंसं वाटतं. सगळी घरं चकाचक पण नसतात, डर्बीशरमधलं कॅल्क अ‍ॅबी 1985 मध्ये ट्रस्टकडे आलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं, पोपडे निघालेले रंग, सामानाने भरलेल्या खोल्या, एवढं मोठं घर हळूहळू कसं खचत जातं ते तिथे कळतं.

कुठे जायचं ठरत नसेल तर माझी निवड सांगतो. पैसे न घालता सुरुवात करायची तर ऑक्सफर्डशरमधलं मिन्स्टर लव्हेल, विंडरश नदीच्या काठावर लव्हेल घराण्याच्या 15व्या शतकातल्या घराचे अवशेष, लगेच शेजारी चर्च आणि त्यात अलाबास्टरचं, म्हणजे संगमरवरासारख्या दिसणाऱ्या मऊ दगडाचं थडगं. उत्तरेला असाल तर नॉर्दम्बरलँडमधलं बेल्से, मध्ययुगीन किल्ला, आणि 1817 मध्ये घराणं ज्यात राहायला गेलं ते ग्रीक पद्धतीचं घर, ते आज पूर्ण रिकामं आहे, आणि घरासाठी जिथून दगड काढला त्या खाणीचीच बाग केलीय, तिन्ही चालत. गाडी नसेल तर श्रॉपशरमध्ये जा, क्रेव्हन आर्म्स स्टेशनवरून स्टोकसे साधारण मैलभर चालत आहे, लोकरीचा व्यापारी लॉरेन्स ऑफ लडलो याने 13व्या शतकाच्या शेवटी बांधलेलं तटबंदीचं घर, शेजारी चर्च जे यादवी युद्धात मोडलं आणि 1650 च्या दशकात परत बांधलं, आणि मग पुढचंच स्टेशन लडलो, तिथे किल्ला आणि मोठं चर्च दोन्ही.

आणि आपल्या माणसांनी डर्बीशरमधलं केडलस्टन बघावंच असं मला वाटतं. हे कर्झनचं घर, तोच, बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय. 18व्या शतकातला वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमने सजवलेला अलाबास्टरच्या खांबांचा हॉल, खाली कर्झनने पूर्वेकडून नेलेल्या वस्तूंचं म्युझियम, आणि घराला अगदी चिकटून चर्च, गाव घरासाठी हलवलं पण चर्च राहिलं. त्या चर्चमध्ये कर्झन आणि त्याची पहिली बायको मेरी यांची पांढऱ्या संगमरवराची समाधी आहे. म्युझियम आधी बघा, मग समाधीपाशी जा, मनात जे काय येतं ते येऊ द्या. चर्च उघडण्याच्या वेळा घरापेक्षा वेगळ्या असतात, त्या आधी बघून ठेवा.

जायच्या वेळेबद्दल, मे ते सप्टेंबर सगळ्यात सोपं. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो आणि बरीच घरं हिवाळ्यात साफसफाई-दुरुस्तीसाठी बंद असतात, अवशेष आणि चर्च मात्र तेव्हा पण बघता येतात. सप्टेंबरात हेरिटेज ओपन डेज असतात, एरवी बंद असलेली ठिकाणं फुकट उघडतात, त्या आठवड्यात असाल तर सोडू नका. अरुंद रस्त्यांवर गाडी हळू घ्या, समोरून ट्रॅक्टर आला तर जवळच्या रुंद जागेपर्यंत ज्याला सोपं त्याने मागे घ्यायची आणि हात करायचा. पोस्टकोड टाकून सॅटनॅव्ह कधीकधी शेताच्या मागच्या फाटकाशी नेऊन सोडतं, म्हणून त्या ठिकाणाच्या वेबसाइटवरची दिशा वाचा. पिवळा बाण म्हणजे पायवाट, ती शेतातून गेली तरी तुमचा हक्क आहे, फक्त फाटक जसं होतं तसंच ठेवायचं. घरात शेवटची एंट्री बंद व्हायच्या अर्धा-एक तास आधीच थांबते आणि टीरूम पण लवकर आवरतात, म्हणून चहा-स्कोन साडेतीनच्या आत घ्या. बसने आला असाल तर उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बसची वेळ स्टॉपवरून फोटो काढून घ्या, रविवारी खेड्यात ती असेलच असं नाही.