दुधाच्या हिशोबाशेजारी एक शब्द

आमच्या स्वयंपाकघरात फळीशेजारच्या खिळ्याला कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर दुधाचा हिशोब. रोज एक लिटर, पाहुणे आले तर दीड, दूधवाला आला नाही तर त्या चौकोनात 'खाडा'. गेली सात वर्षं त्याच चौकोनात मी आणखी एक शब्द लिहिते. 'पाऊस'. 'आत्यांचं बीपी'. 'नळ'. बाहेरच्या माणसाला यातून काही कळायचं नाही, पण आमच्या घरात कोणालाही विचारा, 'नळ' म्हणजे काय ते सांगेल. चार दिवस पाणी नव्हतं आणि पाचव्या दिवशी पहाटे साडेचारला सूनबाई अंगणातून ओरडली, "मम्मी, उठा, नळ आला!"

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका मला विचारतात, घरात देवाचे आभार मानायची सवय लावायची कशी? संध्याकाळची प्रार्थना सगळ्यांकडेच होते. पण तिच्यात मागण्यांची यादी मोठी असते आणि आभार एका वाक्यात उरकतात: 'प्रभू, तू दिलेल्या सर्व आशीर्वादांबद्दल धन्यवाद.' आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच होतं. म्हणून आम्ही काय करतो ते सविस्तर लिहिते.

आधी एका शब्दाबद्दल. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, स्तोत्रांमध्ये, 'परमेश्वराचे उपकारस्मरण करा' असं पुन्हा पुन्हा येतं. उपकारस्मरण. लहानपणापासून ऐकलेला हा शब्द मला चाळिशी उलटल्यावर कळला. त्यात स्मरण आहे, म्हणजे ते करायचं काम आहे. मन भरून यायची वाट बघत बसायचं नाही. भांडी घासायला जसा उत्साह लागत नाही, तसं आठवायलाही लागत नाही. 'मला आतून काही वाटतच नाही हो' असं म्हणत स्वतःला बोल लावणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्यात. त्यांना मी एवढंच सांगते, बाई, वाटायचं राहू दे, आज काय काय झालं ते आठव.

आता कॅलेंडर. रोज एकच शब्द लिहायचा, कारण चौकोन लहान असतो. शब्द दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या गोष्टीचा हवा. 'कुटुंब', 'आरोग्य', 'सर्व काही' हे शब्द आमच्याकडे चालत नाहीत. एक शब्द आठवड्यात दुसऱ्यांदा लिहायचा नाही, हा नियम मात्र अगदी कडक पाळा. पहिले पंधरा दिवस सोपे जातात: चहा, पाऊस, पगार, नातवाचा दात. मग शब्द संपतात, आणि खरी सुरुवात तिथून होते. कारण आता बघावं लागतं.

मला असं पहिल्यांदा दिसलं ते सांगते. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्यांना दात नाहीत. त्यांच्या ताटलीत भाकरी दुधात कुस्करून असते. ती रोज आमचे हे कुस्करतात. त्या दिवशी शब्द सापडेना म्हणून मी चुलीपुढून मान वळवून बघत बसले. ह्यांनी भाकरीचा पापुद्रा वेगळा केला, मधला मऊ भाग दुधात घातला, बोटांनी चेपून चेपून बारीक केला, एक कण तोंडात घालून पाहिला आणि कडक कडा स्वतःच्या ताटात ठेवल्या. नुसत्या कडा, ठेच्याबरोबर. हे किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. माझी पाठ असायची, तव्याकडे तोंड. त्या रात्री मी चौकोनात लिहिलं, 'कडा'.

दुसरी गोष्ट संध्याकाळच्या प्रार्थनेची. १३६ वं स्तोत्र उघडून बघा. २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच पालुपद: त्याची दया सनातन आहे. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं, अशीच त्याची घडण आहे. आकाश, सूर्य, चंद्र, मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, इस्राएल लोकांची सुटका, मग देवाने आमच्या हीनदीन अवस्थेत आमची आठवण केली असं येतं, आणि शेवटाकडे येता येता साधी गोष्ट: तो सगळ्या जिवांना अन्न देतो. आम्ही आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, हे स्तोत्र आमच्या घराचं करून म्हणतो. गोल बसायचं. एकेकाने आपल्या दिवसातली एक गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी म्हणायचं, "कारण त्याची दया सनातन आहे."

"आज एसटीत बसायला जागा मिळाली."
"कारण त्याची दया सनातन आहे."
"शेळीला दोन पिल्लं झाली."
"कारण त्याची दया सनातन आहे."

नातू पाच वर्षांचा होता तेव्हा त्याने 'आज भेंडी नव्हती' असं सांगितलं. त्यालाही आम्ही पालुपद म्हटलं. मुलं जे सांगतील ते घ्यायचं, दुरुस्त करायचं नाही. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी ओवी-अभंगांच्या चालींवर भजनं लिहिली. धृपद धरून एकत्र म्हणणं आपल्या माणसांच्या अंगातच आहे, त्याचा उपयोग करून घ्या. लांबलचक प्रार्थनेत जो मुलगा मोबाइलकडे बघत असतो, तोच पालुपदाला खणखणीत आवाज देतो. दहा मिनिटांवर लांबवू नका.

तिसरी गोष्ट अवघड आहे. आपल्या घरांत एकमेकांना थँक्यू म्हणायची रीत नाही. म्हटलं तर समोरचा दचकतो, 'मी काय परकी आहे का?' घरच्यांचे कसले आभार, असं आपण मानतो, आणि त्यामागे प्रेमच असतं. पण म्हणून जन्मभर कोणाचं काहीच बोलून दाखवायचं नाही, हेही बरं नव्हे. यावर आम्हाला सापडलेला मार्ग असा: ज्याचे आभार मानायचे त्याच्या देखत देवाला सांगायचं. "प्रभू, आज शिल्पाने माझ्या गुडघ्याला तेल लावलं, तिच्या हातांबद्दल तुझे आभार मानते." सूनबाई डोळे मिटून शेजारी बसलेली असते. ती काही बोलत नाही, मीही बोलत नाही. पण तिने ऐकलेलं असतं.

यात एक धोका आहे. प्रार्थनेत टोमणा घालायचा मोह होतो. 'प्रभू, अमक्याने आज वेळेवर घरी आल्याबद्दल धन्यवाद' यातला 'आज' सगळ्यांना ऐकू जातो. मी हे केलेलं आहे, मुलाच्या बाबतीत, आणि तो पुढचे आठ दिवस प्रार्थनेला बसला नाही. मला त्याच्याकडे जाऊन माफी मागावी लागली. देवाशी बोलताना तिसऱ्याला ऐकवू नका.

आता वाईट दिवसांबद्दल. आमचे हे ज्या साखर कारखान्यात होते तो बंद पडला, वर चौदा महिन्यांचा पगार थकला. मी ब्लाऊज शिवून घर चालवत होते. तेव्हा प्रार्थनेला आलेल्या एका बाईंनी मला सांगितलं, याबद्दलही देवाचे आभार मान. मला ते वर्मी लागलं. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' म्हणतो. स्थितीत. त्या स्थितीत राहून करायची, आणि ते मी शिकले. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र तो 'सर्व गोष्टींबद्दल' असंही म्हणतो. तिथवर मी अजून पोचलेले नाही, आणि दुसऱ्याच्या दुःखात त्याला हे वचन ऐकवायला मी कधी जाणार नाही. कोणाच्या घरी मयत झाली असेल, पोटचं पोर आजारी असेल, तर आधी त्यांच्याबरोबर रडा. स्तोत्रांत रडगाणीही भरपूर आहेत, ती वाचा.

मला त्या काळात योहानाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाने धरून ठेवलं. समोर पाच हजार पुरुष, आणि प्रभू येशूच्या हातात जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या. त्याने आभार मानले तेव्हा भाकरी पाचच होत्या. पुरतील एवढ्या व्हायच्या आधी त्याने आभार मानले. माझ्या डब्यात बाजरीचं पीठ तळाला गेलेलं असायचं आणि काठवटीत पाणी घालताना मी मनात म्हणायची, पाचच आहेत, प्रभू, तरी आभार.

शेवटचं काम ३१ डिसेंबरचं. रात्री चर्चमध्ये वर्षअखेरच्या उपासनेला जायचं असतं. त्याआधी, जेवणं झाल्यावर, आम्ही कॅलेंडर खिळ्यावरून काढतो आणि जानेवारीपासून वाचतो. एक जण महिना वाचतो, शब्द ऐकून ज्याला जे आठवेल ते तो सांगतो. तासभर सहज जातो, म्हणून स्वयंपाक लवकर उरका. रिकामे चौकोन निघतातच. कारखान्याच्या त्या वर्षी जुलैत सलग अकरा रिकामे होते, नुसता 'खाडा, खाडा', कारण दूधच बंद केलं होतं. मी पान उलटायला लागले तर आत्यांनी हात धरला.

"त्या दिसांत आपण जेवलो व्हतो का?"

"जेवलो होतो, आत्या."

"काय?"

मला आठवेना. आमचे हेच म्हणाले, "शेजारच्या भाभी डाळ द्यायच्या ना वाटीनं."

आत्यांनी पेन मागितलं आणि कॅलेंडर माझ्याकडे सरकवलं. त्या अकरा चौकोनांत मी अकरा वेळा 'डाळ' लिहिलं. आठवड्याचा नियम त्या रात्री मोडला. दुसऱ्या दिवशी नववर्षाची उपासना आटोपल्यावर मी केकचं ताट घेऊन भाभींकडे गेले.

नवीन कॅलेंडर घ्याल तेव्हा मोठ्या चौकोनांचं घ्या, आणि पेन सुतळीने खिळ्यालाच बांधून ठेवा.