पाइपमधून यादी, कीबोर्डवरून उत्तर: सी प्रोग्राममध्ये दोन्ही कसं सांभाळायचं

समजा इंदूरला रामबागेतल्या गणेश मंडळाची वर्गणीची यादी फाइलमध्ये आहे आणि तुमचा सी प्रोग्राम एकेक नाव वाचून विचारतो, पावती काढू का, ह की न. नावं हाताने टाइप केली तर छान चालतो, पण 'कॅट वर्गणी.टीएक्सटी | ./पावती' असं चालवलं, म्हणजे कॅटने दाखवलेली फाइल '|' या पाइपने थेट प्रोग्रामला जोडली, की कुलकर्ण्यांची पावती काढू का असं विचारतो आणि तुम्ही बोट हलवायच्या आत उत्तर म्हणून देशपांड्यांचं नाव गिळून टाकतो.

एसटीडीइन, म्हणजे प्रोग्राम जिथून इनपुट वाचतो ते ठरलेलं दार, म्हणजे कीबोर्ड नाही हो. शेलने, म्हणजे आपल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने, पाइप लावला की तिथे कॅटचं आउटपुट जोडलं जातं, कीबोर्ड सुटतो. यादी संपली की आणखी मजा, स्कॅनएफ ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) परत देतो, व्हेरिएबल जुनंच राहतं, आणि 'नीट उत्तर येईपर्यंत विचारत राहा' असा लूप असला तर स्क्रीनवर प्रश्नांचा पूर, मग दाबा कंट्रोल-सी. अशा वेळी कोणी ना कोणी सांगतंच, भिया, एफफ्लश एसटीडीइन लाव ना. नका लावू. एफफ्लश आउटपुटसाठी आहे, इनपुटवर काय होईल हे सी स्टँडर्ड सांगतच नाही.

आधी ओळखा की इनपुट येतंय कुठून. युनि-एसटीडी डॉट एच हे हेडर घ्या आणि त्यातल्या इज-ए-टीटीवाय या फंक्शनला शून्य नंबरचा डिस्क्रिप्टर, म्हणजे एसटीडीइनचा नंबर, द्या. 1 आला तर समोर माणूस आहे, 0 आला तर पाइप किंवा फाइल, तेव्हा 'नाव टाका' वगैरे छापत बसू नका.

मग यादी एफगेट्सने ओळ-ओळ वाचा, नल आला, म्हणजे वाचायला काही उरलं नाही, की थांबा. बफर, म्हणजे ओळ साठवायची जागा, मात्र सढळ ठेवा, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, 3 बाइट खातं, म्हणजे 64 चा बफर 21 चिन्हांतच भरतो आणि लांबलचक नावाचं शेपूट पुढच्या वेळी वेगळं नाव बनून येतं.

आता खरी गोष्ट. उत्तरासाठी वेगळं दार उघडा: एफओपनने '/डेव्ह/टीटीवाय' (पाइप असला तरी थेट टर्मिनलच देणारी खास फाइल) रीड मोडमध्ये उघडायचं आणि त्याचा पॉइंटर वेगळा ठेवायचा. नावं एसटीडीइनमधून, ह-न या पॉइंटरमधून, तेही एफगेट्सनेच, म्हणजे एंटर मागे लटकत नाही. एफरीओपनने एसटीडीइनच टर्मिनलकडे वळवता येतं, पण ते सगळी यादी वाचून झाल्यावरच, इथे तर आलटून पालटून वाचायचंय.

प्रश्न एसटीडीएररवर, म्हणजे एररसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर, छापा. एसटीडीआउट, म्हणजे नेहमीचं आउटपुट, पाइपमध्ये गेलं की सहसा पूर्ण बफर होतं, म्हणजे बराच मजकूर साठल्यावरच बाहेर पडतं, प्रश्न आतच अडकतो, आणि एफफ्लश मारला तरी तो पावत्यांमध्येच जाऊन बसतो.

एफओपन नल देऊ शकतो हे विसरू नका. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून, चालवलं तर टर्मिनलच नसतं, तिथे सरळ एरर छापून बाहेर पडा, आपल्या मनाने 'ह' धरून पावत्या काढू नका. विंडोजवर '/डेव्ह/टीटीवाय' नाही, तिथे 'कॉन' उघडतात आणि कीबोर्डवरून ईओएफ द्यायला कंट्रोल-झेड दाबून एंटर, लिनक्सवर नव्या ओळीवर कंट्रोल-डी.

तपासताना नुसतं चालवून बघा, पाइप लावून बघा, '<' ने फाइल देऊन बघा, आणि एकदा रिकामी फाइलही द्या, तिथे एकही प्रश्न यायला नको.