गोरखगडावर जाताय? या चुका टाळा

ठाण्याहून मुरबाड, म्हसा करत देहरीला पोचलं की गोरखगड समोरच दिसतो. उंची जेमतेम २१०० फूट. ‘दोन तासांत वर, जेवायला घरी’ असा हिशेब मांडून येणारेच इथे जास्त अडकतात. जंगलातली चढण दमवते, पण खरी परीक्षा पुढे. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या, हाताला खोबण्या आणि पाठीशी दरी.

सगळ्यात मोठी चूक होते उतरताना. वर जाताना नजर पुढच्या खोबणीवर असते, त्यामुळे निभावतं. खाली येताना बरेच जण दरीकडे तोंड करून, बसून घसरत उतरतात. मग बॅग मागच्या पायरीला अडते, अंग पुढे ढकललं जातं आणि पाय कुठे टेकवायचा तेच दिसत नाही. तोंड कातळाकडे ठेवा आणि शिडी उतरल्यासारखं उतरा. दोन हात, दोन पाय यांपैकी तीन पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. अनुभवी माणूस खाली राहिला तर ‘डावा पाय अजून चार बोटं खाली’ असं सांगू शकतो. मात्र त्याने थेट पायाखाली थांबू नये, वरून दगड सुटतात.

मध्येच पाय लटपटायला लागले तर? बहुतेक वेळा सगळा भार चवड्यावर आलेला असतो. टाच खाली सोडा, गुडघा सरळ करा, खोबणी धरून चार संथ श्वास घ्या. मागच्यांनी ‘चल, चल’ करू नये. त्या ओरडण्याने कोणाचे पाय थांबल्याचं ऐकिवात नाही.

पायऱ्या सुरू होण्याआधी हात मोकळे करा. काठी बॅगेत, मोबाइल चेन लावलेल्या खिशात. बाहेर लटकवलेली चटई किंवा ट्रायपॉड कातळाला घासून तोल घालवतो, म्हणून तेही आत. बूट खोल खाचांच्या रबरी तळाचे हवेत. जॉगिंगचे झिजलेले बूट मुरमावर सरकतात. उतरणीला लागताना नाडी पुन्हा आवळा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात.

गडावर टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. माणशी तीन लिटर पाणी घ्या. पोटरीत गोळा आला तर बसून पाऊल हळूहळू स्वतःकडे ओढा आणि मीठ-साखरेचं पाणी प्या.

रविवारी पायऱ्यांवर रांग लागते. उतरणाऱ्याला आधी वाट द्या, त्याला पायाखालचं कमी दिसतं. परफ्यूम, धूर, आरडाओरडा नको. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

भर पावसात इथे येण्याचा हट्ट मला पटत नाही. शेवाळलेल्या पायरीवर महागडा बूटही घसरतो. एप्रिल-मेमध्ये कातळ तापतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

माथ्याच्या खाली कातळात कोरलेली गुहा लागते. तिथपर्यंत येतानाच घाम फुटला असेल तर तिथेच थांबा. शेजारच्या मच्छिंद्रगडाचा सुळका गुहेसमोरच आहे, तो पाहायला माथा गाठावा लागत नाही. पुढे जाणाऱ्यांना मात्र परतीची वेळ ठरवून द्या आणि गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवून घ्या.