रायझिंग स्टार्ससाठी संशोधन-निवेदन लिहिताना

संगणकशास्त्र आणि विद्युत अभियांत्रिकीतल्या तरुण संशोधक डोळ्यांसमोर ठेवून एमआयटीने 2012 मध्ये ‘रायझिंग स्टार्स’ ही कार्यशाळा सुरू केली. प्राध्यापकी करायची असेल तर अर्ज जरूर करा. त्यातलं संशोधन-निवेदन, म्हणजे आपल्या संशोधनाची ओळख करून देणारं टिपण, मात्र शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. त्यासाठी निदान महिनाभराचा वेळ हातात ठेवा.

पहिल्या परिच्छेदात अडचण नेमकी मांडा. ‘मी ऊर्जा-बचतीवर काम करते’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘अनेक गॅलियम नायट्राइड स्विचचं गेट, म्हणजे स्विच चालू-बंद करणारं टोक, 6-7 व्होल्टच्या वर टिकत नाही. जोडणीतल्या इंडक्टन्समुळे (प्रवाहातल्या बदलाला होणाऱ्या विरोधामुळे) येणारी व्होल्टेजची उसळी मी बोर्डाच्या मांडणीतूनच रोखते.’ वाचणारा दुसऱ्या शाखेतला असला तरी त्याला मुद्दा पोचतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो ‘आम्ही’मुळे. पेपरवर पाच नावं असतील तर सर्किट कुणी आखलं, मोजमाप कुणी केलं, हे परीक्षकाला कसं कळणार? तिथे बेधडक ‘मी’ लिहा. ही बढाई नव्हे, माहिती आहे.

शिफारसपत्रासाठी तीन-चार आठवडे आधी विचारा आणि सोबत तुमच्या निकालांचे आकडे द्या. नाहीतर पत्रात नुसतं ‘मेहनती, मनमिळाऊ’ येतं आणि काम बाजूलाच राहतं.